गायरानावरचे पाच पांढरे दगड

डबा हातात आला की आधी सील बघायचं, मग लेबल, आणि सगळ्यात शेवटी आणणाऱ्याचं तोंड. नळदुर्गला हायवेच्या कडेला आमचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. तिथल्या काउंटरवर बसून मी आयुष्यात शिकले ते एवढंच. बोगस माल येतो. जुनी तारीख खोडून त्यावर नवी छापलेली असते. "वैनी, हे औषद कामाचं न्हाय, एक किडा मेला न्हाय," म्हणत एखादा गडी अर्धी बाटली परत आणतो आणि तिच्यात निम्मं पाणी असतं. त्यामुळं माझा पहिला विचार नेहमी वाईट असतो. दुसराही फारसा चांगला नसतो. घरचे याला संशयी स्वभाव म्हणतात, मी धंद्याची सवय म्हणते.

तर चाळिशी ओलांडल्यावर माझे हात कोपरापर्यंत सोलवटायला लागले. मलमं झाली, गोळ्या झाल्या, कडुलिंबाच्या पाल्यात हात बुडवून झाले. शेवटी सोलापूरच्या त्वचेच्या डॉक्टरीण बाईंनी हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाल्या, "दुकान सोडा." इतक्या सहज, की जणू दुकान म्हणजे पायातली चप्पल. मी विचारलं, सोडून करू काय? त्या म्हणाल्या, ते माझ्याकडं नाही.

लग्नाआधी मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. त्या पदवीचा संसारात एवढाच उपयोग झाला होता की तणनाशकाच्या डब्यावरची बारीक अक्षरं मला वाचता यायची. मोबाईलवर एका संस्थेची जाहिरात आली. पर्यावरण आणि संवर्धनाचा अर्धवेळ अभ्यासक्रम, रविवारी सोलापुरात वर्ग, बाकीचं शिकणं संध्याकाळी फोनवर, वयाची अट नाही. वयाची अट नाही हे वाचल्याबरोबर मला वाटलं, फसवणूक. मी फोन लावून सरळ विचारलं, "मला शिकवून तुमचा काय फायदा?" पलीकडच्या सरांनी आधी माझं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता." तेच पुढं माझे मार्गदर्शक झाले. त्यांनी सांगितलं की जिल्ह्यातल्या माळरानांवर काम करणाऱ्या एका संस्थेला स्थानिक माणसं हवी आहेत, आणि अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांना ते बोलावतात. काउंटरवरून उठून जायला माझ्यासमोर तेवढी एकच वाट होती, म्हणून मी संशय गुंडाळून खिशात ठेवला आणि नाव घातलं.

घरी सांगितलं तेव्हा आमचे हे लगेच "शिक की" म्हणाले. मी चपापले. साधा गॅस बदलायचा म्हटला तरी दोन दिवस विचार करणारा माणूस माझ्या रविवारच्या सोलापूर वाऱ्यांना एका दमात हो म्हणतो, यात काहीतरी होतं. पुढं बरेच महिने मी त्यांच्या चेहऱ्यावर ते काहीतरी शोधत राहिले.

वर्गात माझंच तोंड बघितलं जायचं. कुणी शाळामास्तर, कुणी वनखात्यातून निवृत्त झालेले, दोन-तीन ताजी पदवीधर पोरं, आणि त्यात मी, औषधवाली. कंपनीनं हेरगिरीला पाठवलीय असं एका मास्तरांना पहिले दोन महिने खरंच वाटत होतं. त्यांनी नंतर चहा पिताना कबूल केलं. किडे ओळखायचा तास असला की मात्र माझी चलती असायची. नाकतोडे, ढालकिडे, मावा, तुडतुडे, सगळे मला माहीत, कारण कुणाला काय मारतं हे मला पाठ होतं. सर हसायचे. म्हणायचे, "तुम्हाला निम्मं कीटकशास्त्र येतं, फक्त उलट्या बाजूनं." मला ते टोचायचं, पण खोटं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प आला. माळरानाचा एक तुकडा निवडायचा, तो आखून घ्यायचा, आणि पावसाळ्यापासून हिवाळा संपेपर्यंत दर पंधरवड्याला त्याच जागी बसून काय उगवलं, काय वाळलं, कोण आलं, कोण खाऊन गेलं, ते टिपायचं. सरांनी एक गोष्ट दहादा बजावली: जागा तीच हवी. वीतभर इकडंतिकडं झालं तरी आधीचं आणि नंतरचं ताडून बघता येणार नाही, आणि मग पुढच्या पावसाळ्यापासून परत सुरुवात. परत सुरुवात म्हणजे आणखी एक वर्ष काउंटर. माझे हात बघता ते मला परवडणारं नव्हतं.

हायवे सोडून आत एक गाव आहे. त्या गावचं गायरान मी निवडलं, कारण तिथं अजून पवन्या आणि मारवेलचं गवत उभं राहतं, आणि कारण गाव आमच्या गिऱ्हाइकांचं होतं. ग्रामपंचायतीत जाऊन सांगून आले. सरपंच तेव्हा हसून म्हणाले, "वैनी, गवत मोजायचंय? मोजा की. आमच्या बापानं पन कदी मोजलं न्हवतं."

गायरानावर पहिल्याच दिवशी शेरडंवाली मावशी भेटली. पंचावन्न-साठीची, काष्ट्याचं लुगडं, हातात बोरीची काठी, आणि भोवती शेरडं. तिला जमीन नव्हती. गावाच्या त्या टोकाला पाच-सहा घरं आहेत, त्यांतल्या कुणालाच नाही. गायरान आहे म्हणून त्यांची शेरडं आहेत, आणि शेरडं आहेत म्हणून ती घरं गावात आहेत. मी दोरी धरून चौकोन आखत होते, ती काठीवर हनुवटी टेकून बघत होती.

"कशाची मोजणी हाय बाई?"

"गवताची, मावशी. अभ्यास आहे."

"गवताचा?"

"व्हय."

ती शेरडं हाकत निघाली. पण जाताना दोनदा वळून बघितलं. मी तिच्याकडं दोनदा बघितलं ते वेगळंच.

चार कोपऱ्यांना आणि मध्ये मी बांबूच्या खुंट्या ठोकल्या, वर लाल फीत बांधली. पंधरा दिवसांनी गेले तर एकही नाही. मला वाटलं मावशीच्या चुलीत गेल्या. तिला वाटत होतं, हे मला नंतर कळलं, की लाल फीत म्हणजे जमीनमोजणी, आणि मोजणी झाली की कुणीतरी येतं आणि चराई बंद होते. दुसऱ्यांदा लोखंडी सळईचे तुकडे ठोकले. ते भंगारवाल्याकडं गेले असणार. कुणी नेले यावर मी चार माणसांवर संशय घेतला आणि एकाही ठिकाणी तोंड उघडता आलं नाही. जागा मी जवळच्या बोरीपासून पावलं टाकून परत शोधली, पण हे तिसऱ्यांदा चालणार नव्हतं. चोरून कुणाला काही उपयोग होणार नाही अशी एकच वस्तू मला सुचली, दगड. गायरानावरचेच पाच बरे दगड उचलले. उंच गवतात दिसावेत म्हणून चुना कालवून त्यांना जाड हात दिला. चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक. ओला चुना खाली निथळून दगडांभोवती मातीवर पसरला, तिकडं मी लक्ष दिलं नाही. हाताला चुना लागून माझी आग आग होत होती.

आता हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण सांगते. मार्गशीर्ष संपताना अवस, म्हणजे अमावास्या, येते, तिला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गावं आणि बाजार ओस पडतात, सगळी शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, त्यांना चुन्याचा हात द्यायचा, ते पांडव. त्यांची पूजा, मग ताक-पिठाची आंबील शिंपत शेताला फेरी, मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि वाटेनं जाणाऱ्याला सुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचं. ज्याचं शेत त्याचे पांडव. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या पांडवांना जातो. आमचं माहेर परांड्याकडचं, तिथंही दुकान आणि सासरीही दुकान. जमीन दोन्हीकडं नाही. म्हणून मी जन्मभर दुसऱ्याच्याच कोपीत जेवले आहे. आमच्याकडं दर वर्षी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडं जायचं असा रिवाज आहे.

एवढं सगळं माहीत असून मी श्रावणात गायरानात पाच चुना दिलेले दगड ठेवले आणि मला त्यात काही दिसलं नाही. मला चौकोन दिसत होता. वरच्या रस्त्यानं जाणाऱ्यांना पाच पांढरे दगड दिसत होते.

बोलणं आधी दबक्या आवाजात सुरू झालं. दुकानावर येणारी माणसं माझ्याकडं बघून गप्प व्हायची. मग एक जण म्हणाला, "वैनी, पांडव मांडलाव म्हनं गायरानात?" मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. औषधवालीला जमीन नाही, म्हणून तिनं आत्तापासून गायरानात पांडव बसवलेत, येळवशीला कोप घालणार, पुढल्या साली नांगर घालणार आणि त्याच्या पुढल्या साली सातबाऱ्यावर नाव लावणार, असा सगळा हिशेब गावानं माझ्या वतीनं मांडून टाकला होता. दुसरी बातमी याहून भारी होती. मी म्हणे त्या चौकोनात तणनाशक मारून बघत होते. एका शेरडाचं पोट फुगलं तर ते माझ्याच नावावर गेलं. मावशी मला बघून कळप पलीकडच्या उताराला वळवायला लागली. मला तिचा राग यायचा. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे कळूनही यायचा.

दिवाळीनंतर सरपंच दुकानात आले. मी काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर होते, हातमोजे घालून. सरपंच आणि आमचे हे एरवी मराठीतच बोलतात. त्या दिवशी त्यांनी कानडी सुरू केलं. सीमेवरच्या गिऱ्हाइकांमुळं यांना कानडी पाण्यासारखं येतं. मला येत नाही, आणि ते दोघांनाही माहीत आहे. पण इतकी वर्षं काउंटरवर बसून काही शब्द कानात राहतातच. हुल्लु म्हणजे गवत. तो शब्द त्या बोलण्यात तीन-चारदा आला. सरपंचाला आणि माझ्या नवऱ्याला गवताशी काय करायचंय, असं माझ्या मनात आलं, आणि मी त्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिले.

जाताना सरपंच माझ्याकडं वळले आणि मराठीवर आले. "वैनी, ते दगड तेवढे काडून घ्या. येळवशीच्या आत. लोकं कायबी बोलायलेत, मला उत्तरं द्यावी लागायलीत."

"माझा अभ्यास माघापर्यंत आहे, भाऊ. दगड हलले तर सगळं वाया जाईल."

"तुमी न्हाय काडलं तर पोरं काडतील. मग म्हनू नका."

ते गोडीतच बोलले. गोडीत बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

त्या आठवड्यात मागच्या खोलीत माल उतरला. पांढरे मोठे कॅन, तणनाशकाचे. आमच्या गिऱ्हाइकाला रब्बीत एवढं तणनाशक लागत नाही. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. मी सील बघितलं, लेबल बघितलं, आणि मग यांचं तोंड बघितलं.

"हे कुणाचं?"

"येतील न्यायला."

"कोण येतील?"

हे चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

मग निघालं ते असं. गायरानावर सोलरच्या पाट्या बसवायच्या म्हणून एक कंपनी सरपंचांशी बोलत होती. ठराव अजून व्हायचा होता, पण सरपंचांना खात्री होती. आधी जेसीबीनं सगळं साफ करायचं, आणि पुढल्या पावसात पाट्यांखाली काही उगवू नये म्हणून औषध मारायचं. औषध आमच्याकडून. वाळलेल्या गवताला तणनाशक लागत नाही हे मला माहीत होतं. म्हणजे हे पुढच्या आषाढाचं नियोजन होतं, आणि माझ्या घरात, माझ्या पाठीमागच्या खोलीत ते रचून ठेवलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं मी कुठं बसते ते," मी म्हटलं.

"तू शिक की. मी कुठं अडवलं?"

"म्हणून पहिल्या दिवशी लगेच हो म्हणालात?"

हे एकदम चिडले. "तेव्हा कुठलं सोलर आणि कुठलं काय! तुझे हात बघवत नव्हते म्हणून हो म्हणालो. आणि तू उठलीस तर दुकान कुणीतरी चालवायला पाहिजे का नको?"

मला यातलं पहिलं वाक्य खरं वाटलं आणि दुसरंही. पण मी इतकी संतापले होते की दोन्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलत होतो. भाकरी, दूध, शटरची किल्ली.

येळवशीच्या दिवशी हे सवयीप्रमाणं मोठ्या गिऱ्हाइकाच्या शेतावर निघाले. मी येत नाही म्हणाले. माझा हिशेब साधा होता: आज रस्त्यावर चिटपाखरू नसणार, गावातली सगळी माणसं आपापल्या शेतात, म्हणजे दगड फेकायला याच्याइतका सोयीचा दिवस नाही. आणि त्याच आठवड्यात माझी हिवाळ्याची मोठी नोंद होती. मी स्कूटी काढली, डब्यात दोन भाकरी घेतल्या आणि राखणीला निघाले. वाटेत दोन्ही बाजूंच्या रानांत कोपी दिसत होत्या, धूर निघत होता. लांबून एका बाईनं पदर हलवून जेवायला बोलावलं. मी हात हलवून पुढं गेले.

गायरानाच्या कडेला गाडी लावली आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या चौकोनाच्या मधोमध कडब्याची कोप उभी होती. भोवती त्या पाच-सहा घरांतली बायामाणसं, पोरं, पलीकडं तीन दगडांची चूल. आणि कोपीत, घोंगडीवर, माझे पाच दगड एका ओळीत मांडलेले. नवा चुना, वर हळदीकुंकू, पुढं आंबिलीचं गाडगं.

मी तिथं जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझं वर्ष बुडालं म्हणाले, माझं वाटोळं केलं म्हणाले, तुम्ही सगळे सरपंचाला मिळालेले आहात असंही म्हणाले. शेरडंवाली मावशी लुगड्याला हात पुसत पुढं आली.

"दगड म्या उचलले," ती म्हणाली.

"का? मी तुमचं काय बिघडवलं होतं?"

"परवा सरपंचाची पोरं आलती. ट्रॅक्टर घिऊन. म्हनली, येळवशीला समदे रानात गेले की ईऊन दगड खड्ड्यात टाकताव. मग म्या म्हनलं, सुटे हायत तवर दगड हायत. कोपीत मांडले की पांडव. पांडवाला कोन हात लावतंय?"

माझे दगड वाचवायला तिनं ते हलवले होते, आणि दगड हलले म्हणजेच माझं सगळं गेलं होतं. हे तिला कसं सांगू ते मला कळेना. आणि खरं सांगायचं तर, तेव्हाही मनात आलंच: हे माझ्यासाठी की स्वतःसाठी? आज कोप, पुढल्या साली नांगर, असं गाव माझ्याबद्दल म्हणत होतं. हिच्याबद्दल मी का म्हणू नये?

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "गायरान गेलं तर तुमचा अभ्यास जातंय. आमची शेरडं जातेत. शेरडं गेली की आमी जाताव."

मला तिथं बसूनच घ्यावं लागलं. बसले तशी नजर जमिनीवर गेली. कोपीच्या उंबऱ्यापासून थोड्या अंतरावर, वाळलेल्या मारवेलात, भाकरीएवढं उघडं वर्तुळ होतं, आणि त्याच्या कडेनं मातीवर पांढरी किनार. श्रावणातला निथळलेला चुना. दगडाखाली गवत उगवलं नव्हतं आणि भोवती चुन्याची कडा तशीच होती. मी उठले, दोरी काढली, त्या वर्तुळापासून अंतर धरून चालत गेले. दुसरं सापडलं. तिसरं एका लेकुरवाळीच्या मांडीखाली होतं, तिला उठवलं. चौथं शेरडांच्या लेंड्यांखाली. पाचवं कोपीतच, पांडवांच्या पुढ्यात. पाचही होती. मी तिथंच रडायला लागले, आणि बाया घाबरल्या. त्यांना वाटलं मला देवाचं काही आलं.

जागा मिळाली होती. गवत मात्र सकाळपासून तुडवलेलं होतं. सरांना फोन लावला. तेही कुणाच्या तरी शेतात जेवत होते, मागं पोरांचा गलका होता. म्हणाले, "तुडवलं तर तुडवलं असं लिहा. माणसं पण माळावरच राहतात."

मी नोंदी काढायला बसणार, तेवढ्यात वरच्या रस्त्यावर यांची मोटारसायकल थांबली. गिऱ्हाइकाच्या शेतावर सरपंचही जेवायला आले होते, आणि गायरानात कोप पडल्याची बातमी तिथं पोचली होती. सरपंचांनी यांना पाठवलं होतं, बायकोला समजावून घेऊन ये म्हणून. हे उतरून खाली आले. माझ्याकडं बघितलं, कोपीकडं बघितलं, आणि उभेच राहिले.

"चल," हे म्हणाले. "लोकं बघायलीत."

"जागा तीच सापडली," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

मावशी मध्ये आली. आंबिलीचं गाडगं तिनं सरळ यांच्या हातात दिलं. "मालक, येळच्या येळी आलाव. फेरी काडायचीय. आमच्या धन्याच्या अंगात ताप हाय, बाकीचे गडी दुसऱ्याच्या रानात गेल्यात."

त्या दिवशी गाडगं हातात दिलेल्याला नाही म्हणता येत नाही. आमच्या ह्यांना तर कधीच म्हणता आलं नसतं. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात पाहुणा म्हणून जेवलेला माणूस, गाडगं त्यांच्या हाती कुणी कधी दिलंच नव्हतं. ते घरच्या धन्याच्या हातात असतं. हे गाडग्याकडं बघत होते.

"शीव कुठली?" यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या चौकोनाला फेरी मारली तर गाव म्हणत होतं ते खरं ठरणार होतं. मी हात लांब करून दाखवलं: त्या टोकाची बोर, खालचा ओढा, पलीकडचा दगडी बांध, आणि वर रस्ता. अख्खं गायरान.

"एवढं?" हे म्हणाले.

"एवढं."

ते चालायला लागले. लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपत, मागं पोरं ती कानडी वळणाची आरोळी देत, जिचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच धड सांगता येत नाही, पण सगळ्यांना येते. सुरुवातीला यांचा आवाज निघत नव्हता. ओढ्यापाशी पोचेपर्यंत निघायला लागला. वर रस्त्यावर सरपंचांची गाडी येऊन थांबली होती, आणि कुणीतरी फोन वर धरून चित्रीकरण करत होतं. मी नवऱ्याकडं बघत होते. ज्या गवतावर मारायचं औषध ह्यांनी आमच्या घरात आणून ठेवलं होतं, त्याच गवतावर हे आंबील शिंपत होते, आणि मी शोधत होते की हे मनापासून चाललंय का लाजेखातर. लांबून कळत नव्हतं. जवळ आल्यावरही कळलं नाही. घामाघूम होऊन आले, कोपीपुढं मांडी घातली आणि मावशीनं वाढलेली भज्जी दोनदा मागून घेतली.

त्या रात्री घरी आम्ही त्यावर बोललो नाही. नंतरही नाही.

प्रकल्प मी माघात दिला. सरांनी त्यातला तुडवलेल्या गवताचा भाग वर्गात वाचून दाखवला. पवन्या सगळ्यात आधी परत उभं राहिलं होतं. आता मी त्या माळरानवाल्या संस्थेत जाते, आठवड्यातले चार दिवस, आणि माझे हात भरून आलेत. गायरानाचा ठराव आधी पुढं ढकलला, मग परत पुढं ढकलला. सरपंच भेटले की अजून गोडीत बोलतात. पांडव कोपीत आहेत. मावशीनं कोपीमागं चार मिरच्यांची रोपं लावली आहेत. ती चारच आहेत ना, वाफा पुढं सरकला नाही ना, हे मी प्रत्येक वेळी बघते.

पाऊस येऊन गेला, गायरान गुडघाभर वाढलं. मागच्या खोलीतले कॅन हलले नाहीत. कुणी मागायला आलं नाही की यांनी दिले नाहीत, ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. पण रोज सकाळी कामाला निघण्याआधी मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते आणि सील बघते. आधी त्यासाठी आत जावं लागायचं, वाकून एकेक कॅन फिरवावा लागायचा, आणि हाताला खाज सुटायची. एक दिवस गेले तर सगळे कॅन वळवून ठेवलेले होते, झाकणं दाराकडं करून. आता मला आत जावं लागत नाही. दारातूनच दिसतं.